बीथोव्हनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचं रेकॉर्डिंग कसं पारखायचं

सुरुवातीला टिंपनीचे, म्हणजे सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांचे, पाच ठोके. डी सुरात, हळू आवाजात, सोबतीला दुसरं एकही वाद्य नाही. चार मात्रांच्या पहिल्या बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक कप्पा) चार ठोके पडतात, पाचवा दुसऱ्या बारच्या समेवर येतो, आणि त्या पाचव्या ठोक्यावरच ओबो, क्लॅरिनेट आणि बासूनची धून सुरू होते. बीथोव्हनचा डी मेजरमधला व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एक सोलो व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, ओपस ६१, असा उघडतो. रेकॉर्डिंग पारखायला बसलेल्याने व्हायोलिनची वाट बघू नये, कारण पारख इथूनच सुरू होते. हे ठोके एकसारख्या अंतराने पडतात का? ते नुसते धप्प वाजतात की त्यांत डी हा सूर स्पष्ट लागतो? पाचवा ठोका आणि फुंकवाद्यं एकाच क्षणी येतात का? पुढच्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत हाच ठेका शेकडो रूपांत परत येणार असतो. कंडक्टरने तो इथे ढिला सोडला, तर पुढे सोलोवादक कितीही मोठा असला तरी पहिल्या भागाचा कणा सापडत नाही.

ही रचना पहिल्यांदा वाजली २३ डिसेंबर १८०६ रोजी, व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनमध्ये. सोलोवादक होता फ्रान्झ क्लेमेंट. त्या काळच्या एका समीक्षकाने, सौंदर्य पुष्कळ आहे पण धागा मधेमधे तुटतो आणि साध्या जागा पुन्हा पुन्हा येऊन कंटाळा आणतात, अशी तक्रार केली होती. नंतर ही रचना क्वचितच वाजायची. १८४४ साली लंडनमध्ये, मेंडेल्सोन कंडक्टर असताना, अवघ्या १२ वर्षांच्या योसेफ योआखिमने ती वाजवली आणि तिथून तिचे दिवस पालटले.

त्या समीक्षकाचं म्हणणं बाजूला टाकण्यासारखं नाही. रेकॉर्डिंग तपासायला ते फार उपयोगी पडतं. सोलो व्हायोलिनच्या वाट्याला इथे बरंचसं काय आहे? सरळ चढत्या-उतरत्या सरगमी, स्वरसंगतींच्या तुटक लडी, सप्तकाच्या जोड्या, लांब ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची झपाट्याने अदलाबदल). विजेसारखी करामत जवळजवळ नाहीच. मुख्य धून बहुतेक वेळा ऑर्केस्ट्राकडे असते आणि व्हायोलिन तिच्याभोवती नक्षी काढत राहतं. वादकाला हे उमगलं नसेल तर तीच नक्षी मुख्य म्हणून पुढे ढकलली जाते, आणि मग खरोखरच साध्या जागा पुन्हा पुन्हा आल्यासारखं वाटतं. म्हणून या रचनेत आमच्या लेखी पहिला प्रश्न असा: सोलोवादक मागे कधी सरतो? पुढे यायला सगळेच तयार असतात.

लावण्याआधी

दोन रेकॉर्डिंगांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जे किंचित मोठ्याने वाजतं ते कानाला जास्त चांगलं वाटतं. एक-दोन डेसिबलचा फरकही पुरतो, आणि तो फरक आवाजाचा आहे हे लक्षातही येत नाही, वाजवणं जास्त जिवंत आहे असंच वाटतं. आवाज जुळवायला सोयीची जागा म्हणजे पहिल्या मिनिटाच्या आसपास, २८व्या बारला, सगळा ऑर्केस्ट्रा एकदम बी फ्लॅटच्या स्वरसंगतीवर जोरात कोसळतो ती. ती जागा दोन्हीकडे सारखी ऐकू येईल असा नॉब फिरवा आणि मग त्याला हात लावू नका.

संपूर्ण रचना एकदा सलग ऐकावी, हे खरं. पण तुलना सलग ऐकून होत नाही. पाऊण तासानंतर दुसरं रेकॉर्डिंग लावलं तर पहिल्याची फक्त पुसटशी छाप उरते. त्यापेक्षा तीन-चार जागा निवडा आणि त्या लागोपाठ ऐका. या लेखात ज्या जागा सांगितल्या आहेत त्या त्यासाठीच. स्वरलिपी वाचता येत असेल तर उत्तम, या रचनेची स्वरलिपी इंटरनेटवर मोफत मिळते. येत नसेल तरी प्लेअरवरचं घड्याळ पुष्कळ काम करतं.

घड्याळ काय सांगतं

सोलो व्हायोलिन ८९व्या बारला पहिल्यांदा येतं. म्हणजे त्याआधी ८८ बार, प्रत्येकी चार मात्रा, एकूण ३५२ मात्रा फक्त ऑर्केस्ट्राच्या. ट्रॅकच्या सुरुवातीची शांतता वजा करा आणि पहिल्या ठोक्यापासून व्हायोलिनच्या पहिल्या सुरापर्यंतचे सेकंद मोजा. २१,१२० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती मात्रा हे मिळतं. व्हायोलिन ३ मिनिटं १२ सेकंदांनी आलं तर लय ११०. ३ मिनिटं ३१ सेकंदांनी आलं तर १००. २ मिनिटं ४८ सेकंदांनी आलं तर १२६, आणि बीथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी याने पहिल्या भागासाठी मेट्रोनोमचा (लय दाखवणाऱ्या यंत्राचा) हाच आकडा दिला आहे. प्रत्यक्षात इतक्या लयीत फार थोडे जण वाजवतात. चेर्नी म्हणतो म्हणून तेवढीच लय बरोबर, असंही नाही. पण भागावर ‘आलेग्रो मा नॉन ट्रॉप्पो’ असं लिहिलं आहे, म्हणजे द्रुत, पण अति नको. ९० च्या घरात गेलेली लय द्रुत कशी म्हणायची, याचं उत्तर त्या वादकाने वाजवण्यातून द्यायला हवं.

खरी गंमत पुढच्या मोजणीत आहे. ३६५व्या बारला सुरुवातीचा टिंपनीचा ठेका सबंध ऑर्केस्ट्रा मिळून जोरात वाजवतो. ही जागा चुकणं शक्य नाही. व्हायोलिन आल्यापासून इथपर्यंत २७६ बार, म्हणजे ११०४ मात्रा होतात. समजा व्हायोलिन ३:१२ ला आलं आणि ही जागा १४:३० ला आली. मधे गेले ६७८ सेकंद, म्हणजे सरासरी लय ९८ च्या आसपास. ऑर्केस्ट्राने ११० ने सुरू केलं आणि सोलोवादकाने ते ९८ वर आणलं. थोडी लय सैल होणं स्वाभाविक आहे. पण इतका फरक पडला की दोन वेगवेगळे तुकडे ऐकल्यासारखं वाटतं: ऑर्केस्ट्रा एकटा असला की गाडी धावते, व्हायोलिन आलं की सगळे थांबून त्याच्याकडे बघत राहतात. कंडक्टर आणि सोलोवादक यांची रचनेबद्दल एकच समजूत आहे का, हे या दोन आकड्यांतून जितकं कळतं तितकं प्रसिद्धीच्या मजकुरातून कधीच कळत नाही.

सूर

व्हायोलिनची पहिली एंट्री म्हणजे सप्तकाच्या जोड्या: खालचा सूर, लगेच वरचा तोच सूर, असं चढत जायचं. डाव्या हाताचं पहिलं आणि चौथं बोट या जोडीला लागतं, आणि हात वर सरकेल तसं दोन बोटांमधलं अंतर प्रत्येक जोडीला कमी करावं लागतं. चुकीला लपायला जागा नाही. दोन सुरांतला वरचा किंचित चढला किंवा उतरला तर अडाणी कानालाही खुपतं. तीन मिनिटं वाट पाहून, हात थंड असताना, एकदम ही एंट्री घ्यायची असते. मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये इथे एखादी जोडी निसटली तर ती माफ करावी. स्टुडिओत पुन्हा घ्यायची सोय असूनही तशीच ठेवली असेल, तर बाकी रेकॉर्डिंगही त्याच नजरेने तपासावं.

सूर नीट लागला आहे की नाही हे ओळखायची एक खूण व्हायोलिनच्या अंगातच आहे. त्याच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डी हा सा धरला तर त्या होतात मंद्र म, सा, प आणि रे. डी मेजरमध्ये वादक यांपैकी कोणताही सूर बोटाने दाबून अचूक लावतो तेव्हा जवळची मोकळी तार आपोआप झंकारते आणि तो सूर आतून उजळल्यासारखा वाटतो. केसभर चुकला की झंकार मिळत नाही, सूर सपाट राहतो. चांगल्या वादकाच्या लांब सुरांत सा आणि प येतात तेव्हा हा फरक हेडफोनवर ओळखता येतो. बेसूर म्हणजे काय हे शिकण्यापेक्षा हा उजाळा ओळखायला शिकणं जास्त कामाचं आहे.

हिंदुस्थानी संगीतात मुरलेल्या कानाला इथे एक फायदा आहे आणि दोन अडथळे. फायदा असा, की विसाव्या सेकंदाच्या आसपास, दहाव्या बारला, पहिली व्हायोलिनं चार वेळा डी शार्प वाजवतात. शुद्ध स्वरांत सगळं चाललेलं असताना, कुठलीही साथ नसताना, अचानक चार कोमल रिषभ! पुढच्याच क्षणी तो सूर शुद्ध रिषभाकडे चढतो आणि उलगडा होतो, पण तो एक बार ऐकणाऱ्याला अधांतरी ठेवतो. लय तीच, टिंपनीच्या ठोक्यांची. आपल्या कानाला हा धक्का पटकन जाणवतो. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये हे चार सूर हळू पण निश्चित वाजतात, पुसट होत नाहीत आणि ‘बघा, बघा’ असंही म्हणत नाहीत.

पहिला अडथळा व्हायब्रॅटोचा. डाव्या हाताचं बोट तारेवर हलवून सूर थरथरता ठेवणं ही विसाव्या शतकातल्या व्हायोलिनवादनाची सवय. आपल्याकडच्या गमकेशी किंवा आंदोलनाशी तिचा संबंध नाही. तो सुराच्या रंगाचा भाग आहे, रागाच्या व्याकरणाचा नाही. पारखायचं ते इतकंच, की तो बदलतो का. प्रत्येक सुराला सारख्याच वेगाचा व्हायब्रॅटो लावणारा वादक मन लावून ऐकत नाहीये. दुसरा अडथळा सरकण्याचा. १९२६ साली फ्रिट्झ क्राइसलरने लिओ ब्लेख आणि बर्लिन स्टेट ऑपेरा ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तो एका सुरावरून दुसऱ्यावर ऐकू येईल असा सरकत जातो. मींडीची सवय असलेल्याला ते लगेच आवडतं, आणि अलीकडचे वादक जे सूर स्वच्छ वेगळे ठेवतात ते कोरडे वाटतात. दोन्ही आपापल्या काळाच्या पद्धती आहेत. गुण द्यायचे ते सरकण्याला जागा नीट निवडली आहे का यासाठी.

आणखी एक गोष्ट. मोठ्या ऑर्केस्ट्रातून आवाज वेगळा उठावा म्हणून अनेक सोलोवादक सूर किंचित चढा लावतात. सभागृहात तो तेज वाटतो. माइक अगदी जवळ असला की तोच टोचतो. अशा वेळी दोष वादकाचा की माइकचा, हे ठरवायला लार्गेटो, म्हणजे दुसरा भाग, लावून बघावा. तिथे ऑर्केस्ट्रा अगदी हळू आहे, चढं वाजवायची गरज नाही. तिथेही चढा असेल तर तो वादकाचाच सूर.

जी मायनरची जागा

पहिल्या भागाच्या मध्यावर, ३३१व्या बारपासून, व्हायोलिन जी मायनरमध्ये (जी हा सा, गंधार कोमल) एक नवीन, उदास धून गाऊ लागतं. ज्या एका जागेसाठी हा सगळा खटाटोप करावा ती ही. इथे जवळजवळ प्रत्येक जण लय ओढतो. काही जण इतकी, की ११० वरून ८० च्याही खाली येतात. स्वरलिपीत लय बदलायची सूचना नाही. म्हणून ओढणं चूक, असं आम्ही म्हणत नाही. पण खाली काय चाललं आहे ते ऐका. टिंपनीचे ते सुरुवातीचे ठोके इथे आधी हॉर्नमध्ये हळूच येतात, आणि शेवटी ट्रम्पेट-टिंपनीपर्यंत पोचतात. व्हायोलिन वर शोक करत असतं आणि खाली काळ चालूच असतो. त्या दोहोंतल्या ताणामुळे ही जागा काळजाला भिडते. लय फार ओढली की खालचे ठोके ठोके राहत नाहीत, सुटे सूर होतात, आणि उरते नुसती गोड उदासी.

तपासायची पद्धत सोपी. या जागेत व्हायोलिनकडे दुर्लक्ष करा, खालच्या ठोक्यांवर बोटाने ताल धरा. बोट आपोआप चालत राहिलं तर ओढलेली लयही जमली आहे. पुढच्या ठोक्यासाठी बोट थबकून वाट बघत असेल तर जमली नाही. यहुदी मेन्युइनने कंडक्टर फुर्टव्हेंगलरबरोबर केलेल्या रेकॉर्डिंगांत (१९४७ लुत्सर्न, १९५३ लंडन) लय बरीच संथ आहे, तरी बोट थबकत नाही, कारण फुर्टव्हेंगलर खालचा ठेका हातचा सोडत नाही. उलट टोकाला याशा हायफेट्झ आणि शार्ल म्युन्श यांचं १९५५ मधलं बोस्टनचं रेकॉर्डिंग: लय फार थोडी ढळते, सूर पोलादासारखा. काहींना ते थंड वाटतं. आम्हाला तिथे त्या पहिल्या समीक्षकाच्या तक्रारीचं थेट उत्तर ऐकू येतं, कारण त्या लयीत धागा कुठे तुटत नाही.

माइकवाल्यांचं काम वेगळं काढा

सभागृहात पन्नास-साठ वादकांपुढे एक व्हायोलिन किती लहान असतं याचा अंदाज फक्त रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला येत नाही. मुंबईत राहत असाल तर एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा एखादा कॉन्चेर्टोचा कार्यक्रम मागच्या रांगेतून ऐका. जोराच्या जागांत व्हायोलिन ऑर्केस्ट्राच्या अंगात मिसळून जातं, हळूच्या जागांत वर येतं. रेकॉर्डिंगमध्ये सोलोवादकासमोर वेगळा माइक असतो आणि त्याचा आवाज नंतर हवा तितका वाढवता येतो.

तो फार वाढवलाय का, हे ओळखायला दुसरा भाग लावा. तिथे ऑर्केस्ट्रातल्या तंतुवाद्यांवर म्यूट, म्हणजे आवाज दबका करणारे चिमटे, चढवलेले असतात. फ्लूट, ओबो, ट्रम्पेट, टिंपनी गप्प असतात. आधी तंतुवाद्यं धून सांगतात. मग हॉर्न आणि क्लॅरिनेट तीच धून घेतात आणि सोलो व्हायोलिन वरून नक्षी काढतं. त्यानंतर धून बासूनकडे जाते, व्हायोलिनची नक्षी चालूच. या दोन फेऱ्यांत तुमचं लक्ष आपोआप कुठे जातं ते बघा. धून क्लॅरिनेट आणि बासूनची आहे. ती शोधावी लागत असेल आणि नक्षी मात्र कानाशी गुणगुणत असेल तर समतोल बिघडलेला आहे. पण इथेही लगेच वादकाला दोष देऊ नका. वादक हळू वाजवतोय पण आवाज मोठा केलाय, असं असेल तर गज तारेवर हलका चालल्याचा पोत ऐकू येतो: सूर पातळ, कडा मऊ. वादकच जोरात वाजवत असेल तर सुराचा गाभा भरीव आणि सुरुवात ठसठशीत असते. आवाजाची उंची यंत्राने बदलते, हा पोत बदलत नाही.

जोडकामाचंही तसंच. स्टुडिओ रेकॉर्डिंग अनेक टेक जोडून होतं, आणि ‘लाइव्ह’ म्हणून विकलं जाणारंही बऱ्याचदा दोन-तीन रात्रींच्या कार्यक्रमांतून आणि रिहर्सलमधून जोडलेलं असतं. यात लबाडी नाही. वाईट जोड मात्र रसभंग करते. तिच्या खुणा ठरलेल्या: सभागृहाची गुंज एकदम तुटते, एखाद्या सुराची शेपूट पुढच्या सुराखाली मिळत नाही, व्हायोलिनचा रंग किंवा जागा अचानक बदलते, लय एका मात्रेत उडी घेते. ऑर्केस्ट्राचा मोठा तुकडा संपून सोलो परत येतो अशा सांध्यांवर कान ठेवा. उलट वादकाचा श्वास, गज तारेला लागल्याचा खरखरीत आवाज, बोट आपटल्याचा टक् हे दोष नाहीत. ते सगळे काळजीपूर्वक पुसून काढलेले असतील तर सूरही थोडा निर्जीव होतो.

कॅडेन्झा आणि तिच्यानंतर

पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि सोलोवादक एकटा वाजवतो. हीच कॅडेन्झा. बीथोव्हनने व्हायोलिनसाठी ती लिहून ठेवली नाही. त्या काळी वादक ती स्वतः बांधायचा. आज बहुतेक जण तयार कॅडेन्झा घेतात, म्हणून दोन रेकॉर्डिंगांत इथे वेगळेच सूर ऐकू आले तर गोंधळू नका. क्राइसलरची सगळ्यात जास्त ऐकू येते. तिच्यात शेवटी दोन धुनी एकाच वेळी, वेगवेगळ्या तारांवर वाजतात. तिथे खालची धून वरचीइतकीच गाते का हे बघायचं. योआखिमची जास्त रांगडी आहे. याच कॉन्चेर्टोचं पियानोसाठी रूपांतर करताना बीथोव्हनने पियानोची कॅडेन्झा लिहिली आणि तिच्यात टिंपनीला सोबत घेतलं. तीच व्हायोलिनवर उतरवून वाजवणारेही आहेत: वोल्फगांग श्नायडरहानने १९६२ साली योखुम आणि बर्लिन फिल्हार्मनिकबरोबर, पुढे इसाबेल फाउस्टने क्लाउडिओ आबाडोबरोबर. आल्फ्रेड श्निट्केची कॅडेन्झा गिडॉन क्रेमरने वाजवली आहे. तिच्यात बाखपासून बेर्ग आणि शोस्ताकोविचपर्यंतच्या संगीताचे तुकडे डोकावतात. ती पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, आणि पारख करताना तो धक्का वेगळा काढून ठेवावा लागतो.

कॅडेन्झा कुणाची हा आवडीचा प्रश्न आहे. तिच्यानंतर जे घडतं तो कसोटीचा. तीन-चार मिनिटांचं एकट्याचं वाजवणं एका ट्रिलवर संपतं, ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं बोटांनी तारा हलक्या छेडू लागतात आणि व्हायोलिन भागातली दुसरी धून, आतापर्यंत बहुतेक वेळ ऑर्केस्ट्राकडेच राहिलेली, पहिल्यांदा पूर्ण स्वतःच्या गळ्याने गातं. हळू, खालच्या जी आणि डी तारांवर. सूर अगदी साधे, नवशिका विद्यार्थीही ते काढू शकेल. पण आत्ताच एवढी दमवणारी कॅडेन्झा झालेली असते, उजवा हात तापलेला असतो, आणि जाड तारांवर हळू वाजवताना गज जरा दाबला की आवाज घोगरा होतो, जरा सोडला की विरतो. किती गजांत एक वाक्य बसवलं आहे, गज फिरतो तिथे सांधा ऐकू येतो का, प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर मिटतो की तुटतो, हे सगळं इथे उघडं पडतं. वादकाची निवड करायला एकच अर्धं मिनिट मिळालं असतं तर आम्ही हे मागितलं असतं. डाव्हिड ओइस्त्राखचं १९५८ मधलं, आंद्रे क्लुइटान्सबरोबर पॅरिसच्या रेडिओ ऑर्केस्ट्राने साथ केलेलं रेकॉर्डिंग इथे ऐका. तो काहीच करत नाही असं वाटतं, आणि धून पूर्ण उभी राहते.

तिसरा भाग, थोडक्यात

दुसरा भाग न थांबता तिसऱ्यात जातो. तिथेही सोलोवादकाला एक छोटी कॅडेन्झा घ्यायची मुभा आहे. ती लांबवली की रोंडोच्या (मुख्य धून पुन्हा पुन्हा परतते अशा या तिसऱ्या भागाच्या) धुनेची उडी बोथट होते, म्हणून जितकी आखूड तितकी बरी. रोंडोची धून आधी जाड जी तारेवर, मग लगेच दोन सप्तकं वर, नाजूकपणे. दोन्ही वेळा तिचा हिंदोळा सारखाच राहायला हवा. खाली ती जड आणि वर घाईची झाली तर सहा मात्रांच्या त्या नाचऱ्या लयीचा जीव जातो. मधल्या जी मायनरच्या तुकड्यात बासून व्हायोलिनला उत्तर देतो. बासून ऐकू येत नसेल तर पुन्हा समतोलाचाच प्रश्न.

जुनी आणि वेगळी रेकॉर्डिंगं

७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळात एका बाजूला साधारण चार-साडेचार मिनिटं मावायची. तुकडे पाडून वाजवावं लागे, आणि बाजू संपताना लय मंदावलेली दिसली तर ती रचनेची मागणी आहे असं समजू नये. या तबकड्या नव्याने उतरवताना वेग चुकला तर सूरही सरकतो. अर्धा सूर चढला म्हणजे वेग जवळजवळ ६ टक्क्यांनी वाढला, आणि त्या हिशेबाने वर सांगितलेली लयही फसवी निघते. हार्मोनियमवर किंवा ट्यूनरवर टिंपनीचा पहिला डी तपासून घ्या.

जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरची रेकॉर्डिंगं मुद्दामच खालच्या सुरात असतात. तिथे ए साधारण ४३० हर्ट्झला, आजच्या ४४० ते ४४३ च्या जागी. तारा आतड्याच्या, टिंपनी कातड्याची आणि काड्या कडक. आवाज कमी भरीव, पण फुंकवाद्यं आणि व्हायोलिन यांच्यातलं संभाषण स्वच्छ. थॉमस त्सेटमायर आणि फ्रान्स ब्रूखेन यांचं, किंवा पात्रिसिया कोपाचिन्स्काया आणि फिलिप हेरेवेख यांचं रेकॉर्डिंग ऐकताना काही जागी व्हायोलिनचे सूरच वेगळे वाटले तर वादक चुकला असं म्हणू नका. बीथोव्हनच्या हस्तलिखितात सोलोच्या अनेक ओळींचे पर्यायी पाठ आहेत, आणि छापील प्रतीत आलेला पाठ त्यांतलाच एक. छापील प्रत हातात धरून ‘इथे सूर चुकला’ म्हणण्याआधी ती कोणत्या संपादनाची आहे ते बघून घ्यावं.

पहिल्यांदाच तुलना करणाऱ्याने ओइस्त्राख-क्लुइटान्स, हायफेट्झ-म्युन्श आणि त्सेटमायर-ब्रूखेन ही तीन घ्यावीत. या तिघांची लय, सूर आणि समतोल इतके वेगळे आहेत की फरक ओढूनताणून शोधावे लागत नाहीत. आधी ८९व्या बारपर्यंतचे सेकंद मोजा, मग एंट्री, मग जी मायनर, मग कॅडेन्झानंतरचं अर्धं मिनिट, शेवटी लार्गेटोतली क्लॅरिनेट आणि बासूनची फेरी. तिन्हींच्या या पाच जागा तासाभरात ऐकून होतात. नोंद करताना ‘छान’, ‘भावपूर्ण’ असं न लिहिता काय ऐकलं ते लिहा: ‘जी मायनरमध्ये हॉर्न ऐकू येत नाही’, ‘एंट्रीची तिसरी जोडी चढी’, ‘बासून स्पष्ट, व्हायोलिन मागे’. चौथं रेकॉर्डिंग हाताशी आलं की याच नोंदी समोर ठेवून ते लावा.